शाळेत गाजलेला खेळाडू पुढे चालतो का? अंडर-१९ चा हिशोब आणि आपला धंदा



धंदा सुरू करू पाहणारे दोन प्रकारचे लोक असतात. पहिल्याला कॉलेजच्या 'बिझनेस आयडिया' स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालेलं असतं, पेपरात फोटो आलेला असतो. त्याला वाटतं, आता आपलं जमलंच. दुसऱ्याला कधीच काही मिळालेलं नसतं. ना नंबर, ना बक्षीस. त्याला वाटतं, आपल्यात दम असता तर कोणीतरी आजवर ओळखलं नसतं का?

दोघांचाही प्रश्न खरं तर एकच आहे. लहान वयात, सुरुवातीलाच लोकांनी दिलेला शेरा पुढे किती खरा ठरतो?

धंद्यात याचा हिशोब लावणं कठीण, कारण बंद पडलेल्या दुकानाची नोंद कोणी ठेवत नाही. खेळात मात्र सगळं उघड्यावर असतं. सोळाव्या वर्षी कोण गाजला, पंचविसाव्या वर्षी तो कुठे होता, सगळं लिहिलेलं सापडतं. म्हणून आज खेळाचा हिशोब करू. आपल्या अकोला-अमरावतीची पोरंही त्यात आहेत.

आधी अमेरिका: पाच स्टारवाली पोरं

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा, अंगावर धडकायचा खेळ. तिथे शाळेत हा खेळ खेळणारी पोरं साधारण दहा लाख. त्यांतल्या चांगल्या पोरांना जाणकार लोक स्टार देतात. आपण हॉटेलला देतो ना, तसे. पाच स्टार मिळवणारे वर्षाला साधारण ३० ते ३५ असतात. बडी कॉलेजं त्यांच्यामागे लागतात. कॉलेजनंतर एनएफएल नावाची व्यावसायिक लीग आहे, तिचे संघ दरवर्षी सुमारे २५० खेळाडू निवडतात.

आता गंमत बघा. पाच स्टारवाल्या पोराची लीगमध्ये निवड होण्याची शक्यता साध्या पोरापेक्षा कितीतरी पट जास्त असते. म्हणजे स्टार देणारे काही मूर्ख नाहीत. पण त्याच लीगमधले खेळाडू मोजले, तर बहुतेक जण तीन किंवा त्याहून कमी स्टारवाले निघतात.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? साधं गणित आहे. समजण्यासाठी आकडे मी मनाने घेतोय. समजा, ३० पोरांना पाच स्टार मिळाले आणि त्यांतली निम्मी, म्हणजे १५ यशस्वी झाली. उरलेली ३,००० पोरं बिनास्टारची, त्यांतली शंभरात फक्त दोन चालली. किती झाली? ६०. म्हणजे यशस्वी ७५ पैकी ६० बिनास्टारचे! पण बिनास्टारच्या एकेका पोराला विचाराल, तर त्याची शक्यता शंभरात दोनच होती.

हे गणित नीट डोक्यात ठेवा. पुढचा सगळा लेख यावरच उभा आहे.

जॉश अॅलन नावाचा खेळाडू घ्या. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजने त्याला स्कॉलरशिप दिली नाही. तो एका छोट्या कॉलेजात खेळला, मग वायोमिंगला गेला आणि २०२४ च्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टॉम ब्रेडी तर २००० साली १९९ व्या नंबरावर निवडला गेला होता, आणि पुढे त्याने सात वेळा विजेतेपद मिळवलं. या गोष्टी खऱ्याच आहेत. फक्त त्या ६० मधल्या आहेत. उरलेल्या २,९४० जणांवर कोणी व्हिडिओ बनवत नाही.

आपल्याकडचे पाच स्टार: अंडर-१९

आपल्याकडे असे स्टार कोणी देत नाही. पण अंडर-१९ वर्ल्डकपच्या संघात नाव आलं की तो पाच स्टारच समजा. २००८ चा संघ घेऊ. कप्तान विराट कोहली, सोबत रवींद्र जडेजा. हे दोघं कुठे पोहोचले ते सांगायला नको. पण त्या स्पर्धेत सगळ्यात जास्त धावा कोहलीच्या नव्हत्या. त्या होत्या तन्मय श्रीवास्तवच्या, २६२. अंतिम सामन्याचा सामनावीर होता वेगवान गोलंदाज अजितेश अरगल. ही दोन नावं किती जणांना आठवतात? दोघंही भारताच्या मुख्य संघाकडून कधी खेळले नाहीत.

२०१२ च्या अंतिम सामन्यात कप्तान उन्मुक्त चंदने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १११ धावा काढून कप जिंकून दिला. पुढचा कोहली हाच, असं लोक बोलू लागले. भारताकडून तो एकही सामना खेळला नाही. २०२१ मध्ये इथलं क्रिकेट सोडून तो अमेरिकेला गेला. त्याच संघातला हनुमा विहारी, ज्याची तेव्हा फारशी चर्चा नव्हती, तो १६ कसोटी खेळला.

आपल्या जवळचं उदाहरण जालन्याचा विजय झोल. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या अंडर-१९ संघाकडून त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या. २०१४ च्या अंडर-१९ वर्ल्डकपमध्ये तो भारताचा कप्तान होता. मुख्य संघाची टोपी काही मिळाली नाही.

आणि २०१८ चा संघ. कप्तान पृथ्वी शॉ. शाळेत असताना, २०१३ मध्ये, हॅरिस शील्डच्या एका डावात ५४६ धावा. वर्ल्डकप जिंकला, त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. यापेक्षा मोठा शेरा कोणता? २०२० साली अॅडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत त्याचा त्रिफळा उडाला, एकदा ०, एकदा ४. ती त्याची पाचवी कसोटी, त्यानंतर पुढची आली नाही. २०२४ च्या लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही त्याला कोणी घेतलं नाही. त्याच संघात त्याच्या हाताखाली उपकप्तान होता शुभमन गिल. २०२५ मध्ये तो भारताचा कसोटी कप्तान झाला.

शॉ संपला असं मी म्हणत नाही बरं का. तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध त्याने २२२ ठोकल्या. पंचविशीत माणसाचा हिशोब बंद होत नसतो.

आता आपलं वऱ्हाड

अमरावतीचा जितेश शर्मा सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा क्रम नीट बघा. जन्म १९९३. अंडर-१९ वर्ल्डकपच्या संघात नाव नाही. त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलंय की त्याला सैन्यदलात जायचं होतं, आणि राज्य पातळीवर खेळलं की जादा गुण मिळतात म्हणून तो शाळेत क्रिकेटकडे वळला. विदर्भाकडून खेळू लागला. २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने १० लाखांत घेतलं, पण मैदानात एकदाही उतरवलं नाही. आयपीएलचा पहिला सामना मिळाला थेट २०२२ मध्ये, पंजाबकडून, २० लाखांच्या बोलीवर. तेव्हा वय २८. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. मग बंगळुरूने ११ कोटी मोजले. २७ मे २०२५ ला लखनौविरुद्ध २२८ चं लक्ष्य होतं. त्या दिवशी कप्तानीही त्याच्याकडेच होती. ३३ चेंडूंत नाबाद ८५. आठवडाभरात बंगळुरूने पहिली आयपीएल जिंकली.

आता अकोला. अथर्व तायडेचं करिअर जवळपास उलट्या टोकाहून सुरू झालं. २०१७-१८ मध्ये अंडर-१९ च्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावा काढल्या. २०१८ च्या वर्ल्डकप संघात मात्र तो नव्हता. त्याच वर्षी भारताच्या अंडर-१९ संघातून श्रीलंकेला गेला आणि दोन्ही कसोटींत शतक झळकावलं, ११३ आणि १७७. दुसऱ्या कसोटीत पुण्याच्या पवन शाहने २८२ केल्या. अथर्व पुढे विदर्भाकडून आणि आयपीएलमध्ये खेळला. पवन महाराष्ट्राकडून खेळला. २०२५ पर्यंत दोघांनाही भारताच्या मुख्य संघात जागा मिळाली नव्हती. चांगलं, इज्जतीचं करिअर आहे. पण ३२० आणि २८२ हे आकडे ऐकून लोकांनी मनात जे चित्र काढलं होतं, त्याच्याशी ते जुळत नाही.

अकोल्याचाच आदित्य ठाकरे. २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात तो विदर्भाकडून पहिल्यांदा उतरला, विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. लगेच इशान पोरेल जखमी झाला म्हणून अंडर-१९ वर्ल्डकपसाठी आदित्यला बोलावणं आलं. म्हणजे शिक्का मिळण्यातही नशीब असतं. कोणाचा तरी पाय मुरगळतो आणि कोणाचं तरी दार उघडतं.

आणि नागपूरजवळच्या कोळसा खाणीच्या वस्तीतला उमेश यादव. वडील खाण कामगार. पोलीस भरतीत प्रयत्न केला, जमलं नाही. टेनिस बॉलवर खेळणारा हा पोरगा विशीच्या आसपास लेदर बॉलकडे वळला. ज्युनिअर क्रिकेट जवळपास शून्य. २००८ मध्ये रणजी, २०११ मध्ये कसोटी. ५७ कसोटींत १७० बळी. स्टारच्या यादीत तो कुठेच नव्हता, कारण यादी बनवणारे जिथे बघत होते तिथे तो खेळतच नव्हता.

असं काहून होतं?

कारणं पाच आहेत. एकेक बघू.

पहिलं, वय. चौदा-पंधराव्या वर्षी एखाद्याला मिसरूड फुटलेली असते, दुसरा अजून खांद्याएवढाच असतो. एकाच वयोगटात धरलेल्या दोन पोरांत जवळपास वर्षाचा फरक असू शकतो. अनेक देशांत ज्युनिअर फुटबॉल आणि आइस हॉकीच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली पोरं जास्त सापडतात, हे अभ्यासकांनी मोजलेलं आहे. ती जास्त गुणी नसतात, थोडी आधी मोठी झालेली असतात. बाकीचे मोठे झाले की ती आघाडी विरघळते. आपल्याकडे वय चोरण्याचाही रोग आहे. म्हणून तर बीसीसीआय अंडर-१६ च्या पोरांचा मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं.

दुसरं, समोरचा बदलतो. शाळेच्या सामन्यात एखादाच गोलंदाज बरा असतो, बाकीच्यांना धुता येतं. वर गेलं की धुवायला कोणी उरत नाही.

तिसरं, उणीव उघडी पडते. शाळेत बॅट आणि पॅडमधली फट चालून जाते. स्टार्क आणि कमिन्स ती पहिल्या पाच मिनिटांत शोधतात. शेरा तुमची आजची ताकद मोजतो. उणीव सापडल्यावर तुम्ही ती किती लवकर भरून काढाल, हे कोणत्याही शेऱ्यात येत नाही.

चौथं, जागा किती आणि वेळ कोणती. फेब्रुवारी १९८८ ची हॅरिस शील्डची ती प्रसिद्ध भागीदारी आठवा, ६६४ धावांची. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला, त्याचं नाव अमोल मुझुमदार. पुढे त्याने रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा केल्या, पण भारताकडून एकही सामना मिळाला नाही. का? त्या काळात मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. माल चांगला होता, बाजारात जागा नव्हती.

पाचवं, टिकणं. त्याच भागीदारीतला कांबळी बघा. १७ कसोटी, सरासरी ५४.२०, लागोपाठ दोन द्विशतकं. म्हणजे शेरा खोटा नव्हताच, मोठ्या मैदानातही त्याने करून दाखवलं. तरी शेवटची कसोटी १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. वर पोहोचणं आणि वर राहणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मग शेऱ्याला अर्थच नाही का?

आहे! इथेच पुष्कळ प्रेरणादायी भाषणं आपल्याला फसवतात. 'बघा, जितेश बिनाशिक्क्याचा पुढे गेला, म्हणजे शिक्क्याची किंमत शून्य.' असं नाही हो. गिल, कोहली, जडेजा हे तिघंही शिक्केवालेच आहेत. अंडर-१९ वर्ल्डकप खेळलेल्या पोराची वर जाण्याची शक्यता आपल्या गल्लीतल्या पोरापेक्षा फार मोठी असते. त्याला चांगला कोच मिळतो, चांगलं मैदान मिळतं, निवडणारे त्याचं नाव ओळखतात.

म्हणून दोन वाक्यं सोबत लक्षात ठेवा. शेरा मिळाला तर दार लवकर उघडतं. शेरा नाही मिळाला तर दार बंद होत नाही, पण वेळ जास्त लागतो आणि त्या वेळेचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.

धंद्यात याचा वापर कसा करायचा

१. बक्षिसाला ओळखपत्र समजा. स्पर्धा जिंकलात? उत्तम. त्या जोरावर पुढच्या दोन-तीन महिन्यांत पैसे देणारी दहा गिऱ्हाइकं मिळवा. बक्षिसाची ट्रॉफी काउंटरवर ठेवायला चांगली, पण तिच्या भरवशावर मोठा गाळा भाड्याने घेऊ नका. परीक्षकांनी तुमचं भाषण ऐकलं होतं. गिऱ्हाईक तुमचा माल वापरणार आहे.

२. बँकेची मंजुरी हाही शेराच. प्रकल्प अहवाल पास झाला, कर्ज मंजूर झालं, की घरी पेढे वाटतात. वाटा, हरकत नाही. पण बँकेने कागद बघितलेत, धंदा अजून कोणीच बघितला नाही. हप्ता मात्र दर महिन्याला येणार.

३. दुसरी ऑर्डर मोजा. समजा, दर्यापूरची एक ताई सरगुंडे आणि कुरडया विकते. पहिल्या महिन्यात ४० जणांनी घेतलं. त्यांत मावशी, शेजारीण, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक आले. हा शाळेचा सामना झाला. त्या ४० पैकी किती जण न सांगता परत आले? समजा ६. मग तुमचा खरा स्कोअर ६ आहे. त्यावरून पुढचा माल भरा.

४. फट स्वतः शोधा. उरलेले ३४ परत का आले नाहीत, हे फोन करून विचारा. लाज वाटेल, तरी विचारा. पॅकिंग उघडल्यावर चुरा निघाला? भाव जास्त वाटला? वेळेवर पोहोचलं नाही? बाजार ही फट शोधणारच आहे. तुम्ही आधी शोधली तर दुरुस्ती स्वस्तात होते.

५. थांबायची ताकद आकड्यात लिहा. जितेशच्या पहिल्या बोलीपासून पहिल्या आयपीएल सामन्यापर्यंत सहा वर्षं गेली. त्या काळात तो विदर्भाकडून खेळत होता, म्हणजे चूल पेटती होती आणि हातही चालू होता. तुमच्या घरचा महिन्याचा खर्च किती? समजा १८,००० रुपये. बाजूला किती आहेत? ९०,०००. म्हणजे पाच महिने. सहा वर्षांची गोष्ट ऐकून पाच महिन्यांच्या शिदोरीवर नोकरी सोडू नका. आधी शनिवार-रविवारी करा, संध्याकाळी करा.

६. जागा बघा. तुमच्या रस्त्यावर आधीच चार तगडी दुकानं तोच माल विकत असतील, तर तुम्ही मुझुमदार असूनही बाहेर बसाल. मग दुसरा रस्ता, दुसरा तालुका किंवा तोच माल वेगळ्या गिऱ्हाइकाला. यात कमीपणा काही नाही.

७. बाजूचं दारही दारच असतं. अमोल मुझुमदार ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्या संघाने वर्ल्डकप जिंकला. तन्मय श्रीवास्तव आयपीएल खेळला होता, २०२५ मध्ये त्याच आयपीएलमध्ये अंपायर म्हणून उभा राहिला. शिकलेलं वाया गेलं नाही, वेगळ्या जागी लागलं. तुमचं हॉटेल चाललं नाही, पण मसाल्याचा हात चांगला असेल, तर मसाला विका.

आजचं काम

वही घ्या. एका पानाचे दोन भाग करा. डावीकडे लिहा, लोक माझ्याबद्दल काय म्हणतात: बक्षीस, मार्क, कौतुक, टोमणे, 'तुझ्याच्यानं होणार नाही' हे सुद्धा. उजवीकडे फक्त आकडे लिहा: पैसे देऊन घेणारे किती, परत येणारे किती, उधारी किती, हातात महिने किती.

निर्णय घेताना डावी बाजू हाताने झाका. उजवीकडचे आकडे चांगले असतील, तर बक्षीस नसलं तरी पुढे चला. ते कच्चे असतील, तर ट्रॉफी असली तरी थांबा, फट भरा, मग चला. आणि उजवी बाजू अजून रिकामीच असेल, तर तुमचं पहिलं काम ठरलं: या आठवड्यात एक गिऱ्हाईक, पूर्ण पैसे देऊन, नात्याबाहेरचं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तेव्हा उधारी वसूल कशी करायची ते बघू, गिऱ्हाईक न तोडता.